एकाच नावाचे दोन पूर्वज: ओळख निश्चित कशी करावी

पूर्वजांचा शोध घेताना एखादी नोंद सापडली नाही तरी चालते, पण एकाच नावाच्या चार नोंदी सापडल्या की खरी अडचण सुरू होते. त्यांपैकी एक आपल्या खापरपणजोबांची असावी असे मनाला वाटते, वयाचा मेळ साधारण बसतो, गावही जवळचे असते आणि तेवढ्या आधारावर ती नोंद वंशावळीत जाऊन बसते. मग तिच्यावरून त्यांचे आईवडील, आजीआजोबा आणि त्यांच्याही मागच्या दोन पिढ्या जोडल्या जातात. ती पहिली जोडणी चुकलेली असेल, तर तिच्या मागचे सगळे पूर्वज परक्या कुटुंबातले ठरतात, आणि हे लक्षात येईपर्यंत वंशावळ नातेवाइकांच्या हाती गेलेली असते व इतरांनी तिच्या नकलाही करून ठेवलेल्या असतात.

अशा प्रसंगी काम कसे करावे, याचा क्रम या लेखात दिला आहे. त्यामागचा माझा आग्रह एकच आहे. सापडलेल्या नोंदी आधी सुट्या ठेवाव्यात आणि त्या एकाच माणसाच्या आहेत हे दाखविता आले, तरच त्या जोडाव्यात. उदाहरणे मुख्यतः इंग्लंड, अमेरिका आणि युरोपातील आहेत, कारण तेथील नोंदवह्यांचे नियम कधी आणि कसे बदलले हे स्पष्टपणे ठाऊक आहे. विचाराची रीत मात्र कोणत्याही दफ्तराला लागू पडते.

प्रश्न नेमका मांडणे

“आमचे खापरपणजोबा कोण होते?” एवढा ढोबळ प्रश्न घेऊन दफ्तरात शिरल्यास त्या नावाचा प्रत्येक माणूस आपलाच वाटू लागतो. प्रश्नातली व्यक्ती अशा तपशिलांनी बांधून घ्यावी की त्या नावाच्या दुसऱ्या कोणाशी तिची गल्लत होणार नाही. “ज्या सुताराने १८२१ मध्ये या पॅरिशमध्ये लग्न केले आणि जो १८५६ मध्ये येथेच वारला, त्याचे आईवडील कोण?” हा चांगला प्रश्न आहे, कारण त्यात व्यवसाय, ठिकाण (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला परिसर), दोन घटना आणि हवे असलेले उत्तर या सर्व गोष्टी ठरलेल्या आहेत.

प्रश्न ठरला की शोध नेहमी खात्रीच्या टोकापासून मागे न्यावा. ज्या व्यक्तीबद्दल शंका नाही तिच्यापासून, म्हणजे बहुधा त्या पूर्वजाच्या मुलापासून किंवा नातवापासून, सुरुवात करावी आणि पूर्वजाच्या अखेरच्या नोंदी, म्हणजे मृत्यू, मृत्युपत्र आणि शेवटची खानेसुमारी (जनगणना), आधी गाठाव्यात. बहुतेक लोक थेट जन्माची नोंद शोधायला जातात आणि तेथेच फसतात, कारण जन्माच्या किंवा बाप्तिस्म्याच्या नोंदीत त्या मुलाच्या पुढील आयुष्याचा काहीच पत्ता नसतो. तो माणूस पुढे कोठे राहिला, काय करत होता, कोणाशी त्याचे संबंध होते, हे आधी कळले तरच कोणता बाप्तिस्मा त्याचा हे ओळखता येते.

प्रत्येक नोंद वेगळी वाचणे

प्रत्येक नोंदीसाठी स्वतंत्र टिपण करावे आणि त्यात नोंदीतला मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. “हे आमचेच” असा निष्कर्ष त्या टिपणात लिहू नये. व्यक्तीला नाव देण्याऐवजी तात्पुरती खूण द्यावी, जसे “१८४१ च्या खानेसुमारीतील सुतार” किंवा “१८२३ च्या बाप्तिस्म्यातील वडील”. या पद्धतीने काम संथ होते खरे, परंतु दोन माणसे नकळत एकात मिसळण्याचा सर्वांत मोठा धोका त्यामुळे टळतो.

टिपणाच्या कडेला तीन गोष्टी लिहाव्यात. पहिली म्हणजे आपण पाहतो आहोत ती मूळ नोंद आहे, नक्कल आहे की केवळ सूचीतील ओळ आहे. संगणकावर शोधून मिळालेली सूची कोणीतरी जुने हस्ताक्षर वाचून तयार केलेली असते, त्यामुळे वाचनात चूक होते आणि समासातले शेरे सूचीत येतच नाहीत. मूळ पानाची प्रतिमा उघडून पाहिल्याशिवाय ती नोंद पाहिली असे म्हणू नये. इंग्लंडमधील पॅरिशच्या नोंदवह्यांच्या वार्षिक नकला बिशपच्या कार्यालयात पाठविल्या जात असत. मूळ वही आणि ही नक्कल यांत कधी वडिलांचा व्यवसाय, तर कधी आईचे नाव कमी-अधिक सापडते, म्हणून दोन्ही उपलब्ध असतील तर दोन्ही वाचाव्यात.

दुसरी गोष्ट म्हणजे माहिती कोणी दिली आणि ती त्याला प्रत्यक्ष ठाऊक असण्याचा संभव किती. एकाच दाखल्यात कमी आणि अधिक भरवशाची अशी दोन्ही प्रकारची माहिती असू शकते. मृत्यूच्या दाखल्यातील मृत्यूची तारीख सांगणारा माणूस त्या वेळी घरात हजर असेल, पण मृताचा जन्म कोठे झाला आणि त्याच्या आईचे माहेरचे नाव काय होते हे त्याच जावयाने किंवा शेजाऱ्याने ऐकीव सांगितलेले असते. त्यामुळे संपूर्ण दाखला विश्वसनीय की अविश्वसनीय असा निवाडा न करता त्यातील प्रत्येक विधान वेगळे तोलावे लागते. तिसरी गोष्ट म्हणजे ती नोंद कशासाठी केली गेली, कारण कर चुकविण्यासाठी, सैन्यात भरती होण्यासाठी, लग्नाला पालकांची संमती लागू नये म्हणून किंवा निवृत्तिवेतन मिळावे म्हणून माणसे वय वेगवेगळे सांगत.

नोंदवहीचे नियम ठाऊक करून घेणे

दोन नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत असे वाटते तेव्हा पुष्कळदा दोष माणसाच्या ओळखीत नसून ती वही कोणत्या नियमाने लिहिली गेली याबद्दलच्या आपल्या अज्ञानात असतो. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. म्हणून फेब्रुवारी १७२० असे लिहिलेली तारीख आजच्या हिशेबाने फेब्रुवारी १७२१ असते, आणि जुलै १७२० मध्ये लग्न झालेल्या जोडप्याच्या “फेब्रुवारी १७२०” मधील मुलावर आक्षेप घेण्याचे कारण राहत नाही. त्याच देशाने १७५२ मध्ये नवी कालगणना स्वीकारताना २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर धरला. स्कॉटलंडने वर्षारंभ १६०० सालापासूनच १ जानेवारीवर आणला होता, त्यामुळे सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या नोंदी एकाच कुटुंबाच्या असल्या तरी तारखा वेगळ्या रीतीने वाचाव्या लागतात.

१८४१ च्या इंग्लंडमधील खानेसुमारीत १५ वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिण्याची सूचना होती, म्हणजे ४४ वर्षांचा माणूस ४० वर्षांचा लिहिला जाई. कुटुंबप्रमुखाशी नाते त्यात नोंदविलेले नाही आणि जन्मस्थान म्हणून केवळ त्याच परगण्यात जन्म झाला की नाही एवढेच कळते. १८५१ च्या खानेसुमारीत मात्र वय, नाते, वैवाहिक स्थिती आणि जन्माची पॅरिश हे सर्व येते. अमेरिकेत सर्व मुक्त व्यक्तींची नावे प्रथम १८५० मध्ये लिहिली गेली, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे. नाते १८८० पासून नोंदले जाऊ लागले. १८८० पूर्वीच्या अमेरिकी खानेसुमारीत एका घरात दिसणारा पुरुष, स्त्री आणि चार मुले हे आईवडील व त्यांची मुले असतीलच असे नाही. ती स्त्री दुसरी पत्नी किंवा बहीण असू शकते, मुले पुतणेही असू शकतात.

ओळख पटविण्याच्या दृष्टीने फार मोलाचे असे काही बदल लक्षात ठेवावेत. इंग्लंडमध्ये मार्च १७५४ पासून विवाहाच्या नोंदीवर वधूवरांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या किंवा सहीऐवजी काढलेल्या खुणा असतात. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील वहीत वडिलांचा व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण लिहिले जाते, तर दफनाच्या नोंदीत वय येते. जुलै १८३७ पासून विवाहाच्या नागरी नोंदीत दोघांच्याही वडिलांचे नाव व व्यवसाय असतो. आपला पूर्वज या बदलांच्या अलीकडचा की पलीकडचा, हे पाहिले की कोणता पुरावा मागावा आणि कोणता मागू नये ते ठरते.

जुन्या नोंदींतील “सीनिअर” आणि “ज्युनिअर” या शब्दांनी विशेषतः अठराव्या शतकापर्यंत अनेकांना चकविले आहे. एका गावात त्याच नावाचे दोघे असले, तर वयाने मोठा तो सीनिअर आणि धाकटा तो ज्युनिअर एवढाच त्याचा अर्थ असे. ते काका-पुतणे असू शकत किंवा त्यांचे काहीच नाते नसे. थोरला वारला की ज्युनिअर स्वतः सीनिअर होई, आणि त्यामुळे एकाच माणसाला दहा वर्षांच्या अंतराने ही दोन्ही विशेषणे लागलेली दिसतात.

सगळे उमेदवार गोळा करून एकेकाला वगळणे

आता त्या परिसरातील त्या नावाच्या सर्व व्यक्ती गोळा कराव्यात. आपला वाटतो तेवढाच उमेदवार पुरेसा नाही. शेजारच्या पॅरिश, वेगळ्या पंथाची प्रार्थनास्थळे आणि नावाची सर्व लेखनरूपे यांत धरावीत. मग प्रत्येक उमेदवाराचा पुढचा मागोवा घ्यावा, कारण चुकीचा उमेदवार बाद करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे तो दुसरीकडे कोठे राहिला, कोणाशी लग्न करून राहिला किंवा कधी वारला हे दाखविणे. बालपणीच वारलेल्या मुलाचा बाप्तिस्मा आपल्या पूर्वजाला चिकटविण्याची चूक वंशावळींमध्ये इतकी सर्रास आढळते की दफनाची वही न तपासता बाप्तिस्मा स्वीकारूच नये असे मी म्हणेन. मूल दगावले की पुढच्या मुलाला तेच नाव देण्याची पद्धत अनेक देशांत होती, आणि म्हणून एकाच आईवडिलांच्या दोन मुलांचे नाव एकच दिसले तर पहिल्याच्या मृत्यूची नोंद शोधावी.

एक कल्पित उदाहरण सविस्तर पाहू. इंग्लंडमधील एका गावात १८२० ते १८५६ या काळात एकाच नावाचे दोन पुरुष आहेत, एक सुतार आणि दुसरा विणकर. आपला पूर्वज सुतार आहे हे मुलांच्या बाप्तिस्म्यांवरून नक्की आहे, कारण ते १८१३ नंतरचे आहेत आणि त्यांत वडिलांचा व्यवसाय लिहिलेला आहे. या नावाचे तीन बाप्तिस्मे सापडतात: १७९३ चा याच गावातील, ऑक्टोबर १७९६ चा शेजारच्या पॅरिशमधील आणि १७९८ चा पुन्हा याच गावातील. आपल्या गावातला बाप्तिस्मा आधी पुढे येतो आणि घाईत असलेला शोधक तेथेच थांबतो.

१७९३ आणि १७९८ या दोन्ही नोंदींत आईवडील तेच आहेत, आणि १७९४ मध्ये त्या जोडप्याच्या याच नावाच्या मुलाचे दफन झालेले आहे. म्हणून पहिला उमेदवार बाद होतो. १८४१ च्या खानेसुमारीत सुतार आणि विणकर दोघांचेही वय ४० आहे. १७९६ मध्ये जन्मलेला माणूस त्या वेळी ४४ वर्षांचा आणि १७९८ मध्ये जन्मलेला ४२-४३ वर्षांचा असणार. खाली उतरवून दोघेही ४० होतात, म्हणून वयाच्या आधारावर येथे काहीच ठरत नाही. १८५१ मध्ये सुताराचे वय ५४ आणि जन्म शेजारच्या पॅरिशमध्ये, तर विणकराचे वय ५२ आणि जन्म याच गावात असे लिहिले आहे. सुताराच्या १८२१ च्या लग्नाच्या नोंदीवर त्याची ठळक सही आहे आणि एका साक्षीदाराचे आडनाव १७९६ च्या बाप्तिस्म्यातील आईच्या माहेरचे आहे. विणकराच्या लग्नाच्या नोंदीवर मात्र सहीच्या जागी फुली आहे. शेवटी शेजारच्या पॅरिशमधील एका सुताराचे १८३० चे मृत्युपत्र मिळते आणि त्यात तो आपली हत्यारे “माझा मुलगा, अमुक गावी राहणारा सुतार” याला देतो.

यांपैकी एकट्या मृत्युपत्रानेही बरेच काम झाले असते, पण ते नसते तरी जन्मस्थान, वय, साक्षीदार आणि विणकराचा संपूर्ण वेगळा माग या चारही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवितात. आता एक विसंगती उरते. सुताराच्या १८५६ च्या मृत्यूच्या दाखल्यात वय ६२ आहे, म्हणजे जन्म १७९४ च्या सुमाराचा येतो. ही विसंगती झाकून ठेवू नये. ते वय जावयाने सांगितलेले आहे, सुताराच्या स्वतःच्या घरी नोंदविलेले १८५१ चे वय बाप्तिस्म्याशी जुळते, १७९४ च्या आसपास त्या नावाचा दुसरा कोणताही उमेदवार परिसरात नाही, आणि व्यवसाय व मृत्यूचे ठिकाण तेच आहे; या कारणांनी दोन वर्षांचा फरक माहिती देणाऱ्याच्या अंदाजाचा ठरतो, आणि ही कारणे निष्कर्षासोबत लिहून ठेवावी लागतात.

कालरेषा

प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र कालरेषा करावी, म्हणजे डावीकडे तारीख, मग ठिकाण, व्यवसाय, पत्नीचे नाव, सोबतची माणसे आणि नोंदीचा ठावठिकाणा. त्या समोरासमोर ठेवल्या की अशक्य गोष्टी आपोआप उघड होतात: एकच माणूस एका आठवड्यात दोन दूरच्या गावी साक्षीदार म्हणून हजर असतो, एका स्त्रीला पाच महिन्यांच्या अंतराने दोन मुले होतात, दफन झालेला गृहस्थ पुढच्या वर्षी कर भरतो. अशी एक जरी गोष्ट निघाली तरी त्या कालरेषेत दोन माणसे मिसळलेली आहेत, हे समजावे. वर्षागणिक कराच्या याद्या या कामी विशेष उपयोगी पडतात, कारण त्याच यादीत दोघेही वेगवेगळ्या मालमत्तेसह दिसले तर दोन माणसे होती हे कोणी नाकारू शकत नाही, आणि एकाचे नाव ज्या वर्षी गळते त्याच्या आसपास त्याचा मृत्यू किंवा स्थलांतर शोधता येते.

भोवतालच्या माणसांवरून ओळख

नाव दोघांचे सारखे असेल, पण त्यांचे भाऊ, मेहुणे, साक्षीदार, जामीन, भागीदार आणि शेजारी सारखे नसतात. म्हणून एखाद्याची ओळख पटत नसेल तर काही काळ त्याला बाजूला ठेवून त्याच्या भोवतालच्या माणसांचा शोध घ्यावा. मुलांच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता कोण झाले, लग्नाला कोण साक्षीला राहिले, खरेदीखतावर कोणाच्या सह्या आहेत, मृत्युपत्राची अंमलबजावणी कोणावर सोपविली आणि खानेसुमारीच्या त्याच पानावर वर-खाली कोणाची घरे आहेत, यांची यादी करावी. दोन कालरेषांमध्ये हीच तीन-चार माणसे पुन्हा पुन्हा दिसली, तर त्या एकाच व्यक्तीच्या असण्याची शक्यता बळावते. मात्र पॅरिशचा कारकून किंवा चर्चचा सेवक प्रत्येक लग्नाला साक्षीदार म्हणून सही करत असे, तेव्हा तेच नाव शेजारच्या सर्व नोंदींवर आहे का, हे मागची-पुढची पाने चाळून पाहावे आणि तसे असेल तर त्या साक्षीदाराला पुरावा मानू नये.

स्थलांतराच्या बाबतीत तर हा मार्ग बहुधा एकमेव ठरतो. माणसे सहसा एकटी जात नसत. आधी गेलेल्या भावाकडे, मेहुण्याकडे किंवा गाववाल्याकडे जात, आणि नव्या ठिकाणी जवळजवळ राहत. पूर्वजाच्या जन्मगावाची नोंद कोठेच नसेल, तर त्याच्यासोबत त्याच वस्तीत स्थायिक झालेल्यांपैकी एखाद्याच्या नागरिकत्वाच्या कागदात, समाधिलेखात किंवा मृत्युलेखात ते गाव मिळते. अमेरिकेत सप्टेंबर १९०६ नंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जांत जन्मतारीख आणि जन्मस्थान सविस्तर येते, म्हणून पूर्वज त्याआधी नागरिक झाला असला तरी उशिरा अर्ज केलेला त्याचा धाकटा भाऊ शोधणे फलदायी ठरते.

जमीन आणि वारसा

जन्म आणि विवाहाच्या वह्यांवर सगळा भर असतो, तर जमिनीच्या आणि वारशाच्या कागदांकडे सामान्यतः दुर्लक्ष होते. हे कागद वाचायला कंटाळवाणे असतात, पण मालमत्तेचा प्रश्न असल्यामुळे त्यांत माणसाची ओळख पक्की करूनच लिहिलेली असते. एखाद्याने जमीन कशी मिळविली यापेक्षा ती त्याच्या हातून कशी गेली, हे अधिक पाहावे. एकाने घेतलेली जमीन पंचवीस वर्षांनी त्याच नावाचा माणूस विकतो, आणि विक्रीच्या कागदावर पत्नी आपला हक्क सोडते म्हणून तिचे नाव येते. अमेरिकेतील अनेक राज्यांत ही पद्धत होती. त्या पत्नीच्या नावावरून दोन समनामी पुरुष वेगळे करता येतात. मृत्युपत्रात लग्न झालेल्या मुलींचा उल्लेख पतीच्या नावासह होतो. मृत्युपत्र न करता वारलेल्याच्या वाटणीपत्रात सर्व वारस येतात, आणि मयत मुलाच्या जागी त्याची मुले आली असतील तर तीन पिढ्या एका पानावर मिळतात. एखाद्या मुलाचे नाव मृत्युपत्रात नाही म्हणून तो मुलगाच नव्हता, असा अर्थ मात्र काढू नये. त्याला त्याचा वाटा लग्नाच्या वेळी दिलेला असू शकतो.

एकच माणूस, दोन नावे

उलट प्रकारही घडतो आणि तो ओळखणे अधिक कठीण असते. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये आडनाव पिढीजात नव्हते. वडिलांच्या नावावरून मुलाचे नाव तयार होई. डेन्मार्कमध्ये १८२८ च्या आदेशाने कायमचे कुलनाव घेण्यास सांगितले गेले, पण खेड्यांत जुनी रीत बराच काळ टिकली, आणि नॉर्वेत तसा कायदा १९२३ मध्ये झाला. नॉर्वेतील माणूस ज्या शेतवाडीवर राहे तिचे नावही त्याला लागे, म्हणून तो दुसऱ्या वाडीवर गेला की त्याचे तेही नाव बदले. अशा ठिकाणी आडनाव धरून शोधण्यापेक्षा स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, वाडी आणि जन्मतारीख या चौघांचा मेळ घालावा लागतो. तुर्कस्तानात कुलनावाचा कायदा १९३४ चा आहे, तेव्हा त्यापूर्वीच्या नोंदींत आजचे आडनाव शोधून काहीच हाती लागणार नाही.

सावत्र वडिलांचे आडनाव लावणे, विवाहबाह्य जन्म, सैन्यातून पळून जाणे आणि परदेशात गेल्यावर नावाचे भाषांतर करणे ही नाव बदलण्याची आणखी कारणे आहेत. न्यूयॉर्कजवळच्या, १८९२ मध्ये सुरू झालेल्या एलिस बेटावरील अधिकाऱ्यांनी पूर्वजांची नावे बदलली, अशी कथा असंख्य घरांत सांगितली जाते. तेथील अधिकारी जहाजाच्या यादीवरून तपासणी करीत आणि ती यादी निघण्याच्या बंदराकडेच तयार झालेली असे. नावे बहुधा माणसांनी स्वतःच पुढील काही वर्षांत बदलली, म्हणून बदलाचा शोध नागरिकत्वाच्या कागदांत, शाळेच्या नोंदींत आणि न्यायालयाच्या दफ्तरात घ्यावा. दोन नावांचा माणूस एकच आहे असे म्हणायचे असेल, तर पहिल्या नावाची कालरेषा नेमकी जेथे संपते तेथेच दुसऱ्या नावाची सुरू झाली पाहिजे, आणि त्यांच्यामध्ये पत्नी, मुले, जन्मतारीख किंवा सही यांपैकी काहीतरी समान राहिले पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत नाव बदलणे हाच नियम असल्यामुळे अधिक सावधगिरी लागते. पहिली पत्नी वारल्यावर त्याच पहिल्या नावाच्या दुसऱ्या स्त्रीशी लग्न झाले असेल, तर नोंदींत एकच आई दिसत राहते. मुलांच्या जन्मांतील चार-पाच वर्षांची पोकळी, पत्नीच्या वयात अचानक झालेली घट किंवा पंचेचाळिशीनंतरही चालू असलेले बाळंतपण या त्याच्या खुणा आहेत. फ्रान्सच्या नागरी नोंदींत स्त्री माहेरच्या आडनावानेच लिहिली जाते आणि स्कॉटलंडमध्ये १८५५ पासूनच्या मृत्युनोंदीत मृताच्या आईचे माहेरचे नाव असते, त्यामुळे त्या देशांत एखादी शाखा असेल तर तिचा आधार आधी घ्यावा.

डीएनए चाचणीचा उपयोग आणि तिच्या मर्यादा

कागदपत्रे दोन उमेदवारांवर येऊन थांबली, तर चाचणी मदत करू शकते, पण कोणती चाचणी कोणत्या प्रश्नासाठी हे ठरवूनच ती करावी. वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जवळजवळ न बदलता जाते, म्हणून सलग पुरुषवंशातील दोन कुटुंबे एक आहेत की वेगळी, हे त्यावरून चांगले कळते. तंतुकणिकेचे (मायटोकाँड्रियाचे) डीएनए आईकडून सर्व मुलांना मिळते, पण पुढे फक्त मुलींमार्फत जाते. इतर गुणसूत्रांची चाचणी सर्व शाखांसाठी चालते, मात्र प्रत्येक पिढीला वारशाचा भाग घटत जातो. सख्ख्या चुलतभावांत सरासरी १२.५ टक्के, पणजोबा समान असलेल्यांत सुमारे ३ टक्के आणि खापरपणजोबा समान असलेल्यांत १ टक्क्याहूनही कमी डीएनए समान असते. या शेवटच्या नात्यातील सुमारे दहांपैकी एका जोडीत तर मोजता येईल इतका समान भागच नसतो, म्हणून जुळणी न मिळणे हा नाते नसल्याचा पुरावा होत नाही.

दोन्ही उमेदवार सख्खे भाऊ असतील, तर वाय गुणसूत्र दोघांचेही सारखेच असते आणि चाचणी त्यांना वेगळे करू शकत नाही. तेथे त्यांच्या बायकांच्या माहेरच्या कुटुंबांशी जुळणी पाहावी. पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत लग्ने होत आलेल्या समाजांत समान भाग अपेक्षेपेक्षा मोठा दिसतो आणि नाते आहे त्याहून जवळचे वाटते. चाचणीसाठी नातेवाइकांना विचारताना एवढे स्पष्ट सांगावे की तिच्यातून त्यांच्या स्वतःच्या जन्माबद्दलही अनपेक्षित माहिती बाहेर येऊ शकते, आणि त्यांचा नकार असेल तर तो मनापासून मानावा.

निष्कर्ष लिहिणे

अमेरिकेत १९६४ मध्ये स्थापन झालेल्या वंशशास्त्रज्ञांच्या प्रमाणन मंडळाच्या मानकात पाच गोष्टींची अपेक्षा आहे: वाजवी इतका सर्वांगीण शोध, प्रत्येक विधानाचा पूर्ण व अचूक आधार, पुराव्यांची छाननी व परस्पर तुलना, विसंगतींचे निराकरण आणि सुसंगत लेखी निष्कर्ष. यांतील शेवटची अट मला फार महत्त्वाची वाटते. मनात पटलेला युक्तिवाद कागदावर उतरवू लागलो की त्यातल्या फटी दिसतात, आणि “म्हणून” हा शब्द लिहिताना त्याच्या आधीच्या वाक्यात तसे कारण आहे का हे पाहावे लागते. प्रश्न, सर्व उमेदवार, कोणाला कशावरून वगळले, कोणते दफ्तर पाहिले आणि त्यात काय मिळाले नाही, हे सगळे एक-दोन पानांत लिहावे. न मिळालेल्या गोष्टींची नोंदही आवश्यक आहे, कारण सलग शाबूत असलेल्या वहीत एखादे नाव नसणे हा पुरावा असतो, पण वहीची पानेच गहाळ असतील तर त्याला काहीच अर्थ नसतो. आयर्लंडचे सार्वजनिक दफ्तर जून १९२२ मध्ये डब्लिनमध्ये जळाले आणि अमेरिकेच्या १८९० च्या खानेसुमारीचा बहुतेक भाग १९२१ च्या आगीनंतर नष्ट झाला. त्या काळासाठी “नोंद नाही” असे लिहिताना हे कारणही लिहावे.

शोध संपला तरी दोन उमेदवार उरले, तर वंशावळीत त्या जागी नाव भरू नये. दोघांचीही टिपणे स्वतंत्र ठेवावीत, पूर्वजाच्या नोंदीत “आईवडील अनिश्चित, दोन शक्यता, कारणे सोबत” असे लिहावे आणि सार्वजनिक वंशवृक्षात ती फांदी तेथेच थांबवावी, म्हणजे दुसरा कोणी तिची नक्कल करून मागे वाढविणार नाही. टिपणाच्या शेवटी कोणता कागद मिळाल्यास हा प्रश्न सुटेल तेही नोंदवावे: एखादे न उघडलेले मृत्युपत्र, शेजारच्या परगण्यातील कराची यादी, दुसऱ्या शाखेतील पुरुषाची वाय चाचणी. दफ्तरे आजही सूचीबद्ध आणि प्रतिमाबद्ध होत आहेत, त्यामुळे ही यादी वर्षातून एकदा काढून तपासावी, आणि नवा कागद मिळाला की केवळ आपल्या पसंतीच्या उमेदवाराशी न जुळविता दोन्ही कालरेषांवर ठेवून पाहावा.